एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांचं वेळापत्रक किती कठीण, हे नेमकं कसं मोजायचं? (एसईसी, २०२४)

रामबाग_इंदूर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी सांख्यिकीच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांचा गट, घेतली आहे, मोसम २०२४ चा. संघ १६, पण प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले सामने फक्त ८. म्हणजे त्या मोसमात प्रत्येक संघाची सात संघांशी गाठच पडली नाही, आणि गुणतक्ता मात्र सगळ्यांचा एकच.

टेक्सस ७-१ (सात विजय, एक पराभव), जॉर्जिया ६-२, टेनेसीही ६-२. मी प्रत्येक संघाच्या आठही प्रतिस्पर्ध्यांचे कॉन्फरन्समधले विजय मिळवले आणि ६४ ने भागले. जॉर्जियाचे ३०, म्हणजे ०.४६९. टेक्ससचे २४, म्हणजे ०.३७५. टेनेसीचेही २४ च.

प्रश्न तीन. हे सूत्र पुरेसं आहे का? घरचं मैदान, बाहेरचं मैदान आणि मधली विश्रांती यांचा हिशेब कसा धरायचा? आणि माझे मार्गदर्शक क्रिकेटवाले आहेत. रणजी करंडकात अशी भानगड का होत नाही, हे त्यांना थोडक्यात कसं सांगू?

लोकमान्यनगर_आकडेमोड:
ताई, बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात टेक्ससचे आणि जॉर्जियाचे स्वतःचेच निकाल मिसळले आहेत. जो संघ जास्त जिंकतो तो आपल्या प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात पराभव टाकतो, आणि मग त्याचं वेळापत्रक आहे त्याहून सोपं दिसतं. सतत हरणाऱ्याचं याच्या उलट होतं.

इलाज सोपा आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांतून आपल्या संघाचे पराभव वजा करा आणि भागायला ६४ ऐवजी ५६ घ्या, कारण आठपैकी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा आपल्याविरुद्धचा एक सामना बाजूला काढला.

जॉर्जिया: ३० − २ = २८, २८/५६ = ०.५००
टेक्सस: २४ − १ = २३, २३/५६ = ०.४११
टेनेसी: २४ − २ = २२, २२/५६ = ०.३९३
मिसिसिपी स्टेट (०-८): ४१ − ८ = ३३, ३३/५६ = ०.५८९

मिसिसिपी स्टेटकडे नीट बघा. तुमच्या सूत्राने त्यांचा आकडा ०.६४१ येतो. वेळापत्रक कठीणच होतं, टेक्सस, जॉर्जिया, टेनेसी आणि ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ, हा वेगळा संघ) हे चारही सामने त्यांना बाहेर जाऊन खेळायचे होते. पण त्या ०.६४१ मधला काही भाग त्यांच्या स्वतःच्या आठ पराभवांचा आहे. टेक्सस आणि टेनेसी तुमच्या तक्त्यात एका पायरीवर होते, इथे टेनेसी खाली गेला. जॉर्जिया आणि टेनेसी दोघेही ६-२, पण त्या ६-२ ची किंमत सारखी नाही.

रकाना बरोबर भरला की नाही ते तपासायची खूण: सोळाही संघांसाठी वजाबाकी केलेल्या विजयांची बेरीज ४४८ आलीच पाहिजे. एकूण ६४ सामने, म्हणजे ६४ विजय. प्रत्येक संघाचा आकडा आठ ठिकाणी मोजला जातो म्हणून ५१२, त्यातून एकूण ६४ पराभव वजा. ४४८ आली नाही तर कुठेतरी सामना दोनदा किंवा उलटा नोंदला गेला आहे. बहुतेक वेळा तो कॉन्फरन्सचा अंतिम सामना असतो. अटलांटात जॉर्जियाने टेक्ससला २२-१९ असं जादा वेळेत हरवलं, तो सामना ७-१ आणि ६-२ या नोंदींत धरलेला नाही. तुम्हीही धरू नका.

तिलकनगर_स्प्रेडशीट:
वरचं सगळं मान्य. तरी हार-जीत हा आकडा फार ढोबळ आहे. २०२४ ला अलाबामा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), ओल मिस, मिझुरी, साऊथ कॅरोलायना आणि टेक्सस ए अँड एम हे सहाही संघ ५-३ वर संपले. तुमच्या सूत्राला हे सहा एकसारखे दिसतात, मैदानावर ते एकसारखे नव्हते. आठ सामन्यांत दोन निकाल इकडचे तिकडे झाले तर ५-३ चं ३-५ होतं.

पूर्वी बीसीएसच्या (राष्ट्रीय विजेतेपदाचे संघ ठरवायची जुनी पद्धत) काळात प्रतिस्पर्ध्यांच्या हार-जीतीला दोन तृतीयांश आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हार-जीतीला एक तृतीयांश वजन द्यायचे. थोडा फरक पडतो, पण कच्चा माल तोच राहतो. प्रकल्पात एक परिच्छेद त्यावर लिहा आणि पुढे गुणफरकावर या.

रीत अशी. प्रत्येक सामन्याचा गुणफरक घ्या. सामना घरचा असेल तर त्यातून २.५ वजा करा, बाहेरचा असेल तर २.५ मिळवा. कॉलेज फुटबॉलमध्ये घरच्या मैदानाला साधारण अडीच-तीन गुणांचा फायदा धरतात. जॉर्जियाने ऑस्टिनला, म्हणजे टेक्ससच्या घरी, जाऊन टेक्ससला ३०-१५ हरवलं, म्हणजे जॉर्जियाच्या खात्यात १५ + २.५ = १७.५, टेक्ससच्या खात्यात उणे १७.५. मोठे फरक २४ वर छाटा. सामना हातातून गेल्यावर राखीव खेळाडू उतरतात, तेव्हाचे गुण संघाच्या ताकदीबद्दल फारसं सांगत नाहीत.

मग दर्जा = आपला सरासरी फरक + प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाची सरासरी. सुरुवातीला सगळ्यांचा दर्जा ०. एकदा हिशेब करा, नवे दर्जे काढा, सोळांची सरासरी प्रत्येकातून वजा करून परत ० वर आणा, पुन्हा करा. आकडे एक दशांशापर्यंत हलायचे थांबले की पुरे. इथे दोन गोष्टी अडतात. एक, सूत्र स्वतःकडेच बोट दाखवतं म्हणून शीट चक्राकार संदर्भाची तक्रार करते. ‘जुना दर्जा’ आणि ‘नवा दर्जा’ असे दोन रकाने ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर फक्त आकडे चिकटवा. दुसरी, आकडे कधी कधी वर-खाली झुलत राहतात. तेव्हा जुन्या आणि नव्याची सरासरी पुढच्या फेरीला द्या, लगेच शांत होतात.

तटस्थ मैदानं विसरू नका. टेक्सस-ओक्लाहोमा डॅलसला आणि जॉर्जिया-फ्लोरिडा जॅक्सनव्हिलला झाले, दोन्हीकडे मैदानाचा हिशेब ०. वेळापत्रकात एका संघाचं नाव यजमान म्हणून छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

आणि गेल्या वर्षीच्या हार-जीतीवरून या वर्षीचं वेळापत्रक तोलू नका. फ्लोरिडा स्टेट (ती एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समधली) २०२३ ला १३-१ होती आणि २०२४ ला २-१०. खेळाडू आता इतक्या सहज कॉलेज बदलतात की जुनी नोंद लवकर शिळी होते.

राजेंद्रनगर_संभाव्यता:
माझ्या मते मूळ प्रश्न अजून बाकी आहे: कठीण, पण कोणासाठी? नुसती सरासरी इथे फसवते.

समजा एका बलाढ्य संघापुढे दोन वेळापत्रकं आहेत. पहिल्यात दोन सामने ५०-५० टक्क्यांचे आणि सहा सामने ९५ टक्क्यांचे. दुसऱ्यात आठही सामने ८३.७५ टक्क्यांचे. अपेक्षित पराभव दोन्हीकडे १.३. पण आठच्या आठ जिंकायची शक्यता पहिल्यात १८ टक्के, दुसऱ्यात २४. अजिंक्य राहायचं असेल तर पहिलं वेळापत्रक जास्त कठीण. तळाच्या संघाला मात्र तेच पहिलं वेळापत्रक परवडेल, कारण त्यात सहा दुबळे प्रतिस्पर्धी आहेत आणि तिथे दोन-तीन विजय मिळू शकतात.

म्हणून सगळ्या वेळापत्रकांवर एकच काल्पनिक संघ चालवा. संघाचा स्वतःचा दर्जा वापरला तर वेळापत्रकाऐवजी संघच मोजला जातो. तिलकनगरच्या रीतीने दर्जे काढले की काल्पनिक संघाला, समजा, कॉन्फरन्सच्या सरासरीपेक्षा १४ गुण वरचा ठेवा. प्रत्येक सामन्याचा अपेक्षित फरक काढा, मैदानाचे २.५ लावा, १६ ने भागा आणि नॉर्मल वितरणाच्या फंक्शनमध्ये घाला. प्रमाण विचलन साधारण १६ गुण चालतं. ३ गुणांची आघाडी म्हणजे ५७ टक्के, ७ म्हणजे ६७, १४ म्हणजे ८१, २१ म्हणजे ९० च्या किंचित वर. मग दोन आकडे द्या: अपेक्षित पराभव आणि आठही जिंकायची शक्यता. परत तोच हिशेब सरासरी दर्जाच्या, म्हणजे ० च्या संघासाठी करा. दोन्ही क्रमवाऱ्यांत जे संघ जागा बदलतात, त्यांच्यावर प्रकल्पात सविस्तर लिहा.

बरोबरीच्या संघाशी घरी ५६ टक्के, बाहेर ४४. एका सामन्यात हा फरक छोटा, पण जॉर्जियाचं बघा. सरासरीच्या वर संपलेले त्यांचे चार प्रतिस्पर्धी अलाबामा, टेक्सस, ओल मिस आणि टेनेसी. पहिले तिन्ही बाहेर. टेक्ससच्या वाट्याला असे दोनच, जॉर्जिया घरी आणि टेक्सस ए अँड एम बाहेर. ०.५०० आणि ०.४११ मधलं अंतर मैदान धरल्यावर आणखी वाढतं.

छत्रीबाग_वेळापत्रक:
विश्रांतीबद्दल लिहितो. फक्त आपल्या संघाला सुट्टीचा आठवडा कधी मिळाला ते पाहून चालत नाही. आपले दिवस वजा समोरच्याचे दिवस, हा आकडा धरा.

जॉर्जियाला अलाबामाच्या सामन्याआधी (२८ सप्टेंबर) १४ दिवस मिळाले, पण अलाबामालाही १४ च. फरक शून्य. फ्लोरिडाआधी (२ नोव्हेंबर) पुन्हा १४, फ्लोरिडालाही १४. म्हणजे मोसमातल्या दोन्ही सुट्ट्या वापरून जॉर्जियाच्या हाती एकाही दिवसाचा फायदा लागला नाही. टेक्सस-ओक्लाहोमा (१२ ऑक्टोबर) पण १४-१४. टेक्सस-फ्लोरिडा (९ नोव्हेंबर) मात्र १४ विरुद्ध ७, टेक्ससला अधिक ७.

त्या फ्लोरिडाकडे जरा थांबून बघा, कारण अंतिम ४-४ मध्ये हे दिसत नाही. त्यांचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डीजे लॅगवे जॉर्जियाच्या सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला आणि टेक्ससविरुद्ध खेळलाच नाही. टेक्ससने ४९-१७ जिंकलं. तो परतल्यावर फ्लोरिडाने लागोपाठ एलएसयू आणि ओल मिसला हरवलं. म्हणजे तुमच्या तक्त्यात जॉर्जिया, टेक्सस आणि ओल मिस तिघांच्याही पुढे ‘फ्लोरिडा ४-४’ असंच लिहिलेलं असेल, पण तिघांना भेटलेला फ्लोरिडा वेगवेगळा होता. हे सूत्रात कोंबू नका. क्वार्टरबॅक नसलेल्या सामन्यांपुढे खूण करा आणि ते सामने वगळून क्रमवारी किती हलते ते वेगळं दाखवा.

तारखा तिकडच्या घ्या. इथे इंदूरला तिकडचे दुपारी बाराचे सामने शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतात (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला), आणि तिकडचे संध्याकाळी साडेसातचे आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला. भारतीय तारखा नोंदल्या की सात दिवसांचे सहा किंवा आठ होतात आणि विश्रांतीचा अख्खा रकाना बिघडतो.

होळकर_मैदान:
मार्गदर्शक सरांसाठी. रणजीच्या एलिट गटात आठ संघ, प्रत्येक जण उरलेल्या सातांशी खेळतो. मध्य प्रदेशाला जे प्रतिस्पर्धी, तेच गटातल्या दुसऱ्यांना, फक्त कोणी स्वतःशी खेळत नाही एवढाच फरक. त्यामुळे ‘कोण वाट्याला आलं’ हा प्रश्न गटाच्या आत उरतच नाही. सात सामने विषम, म्हणून कोणाला घरी चार आणि कोणाला तीन, आणि कोणता संघ होळकर स्टेडियमवर येतो, कोणाकडे आपल्याला जावं लागतं, एवढंच तोलायचं. गटागटांची तुलना करायची असेल तर तुमचा प्रश्न परत येतो.

सरांनी रणजीचं उदाहरण करून दाखवायला सांगितलं तर हार-जीतीचं सूत्र तसंच उचलू नका. तिथे अनिर्णित सामने खूप. निर्णायक विजयाला ६, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास ७, अनिर्णितमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीला ३ आणि पिछाडीला १. विजयांच्या जागी गुण घ्या आणि आपल्याविरुद्ध मिळवलेले गुण वजा करा.

रामबाग_इंदूर:
सर्वांचे मनापासून आभार. बेरीज ४४८ आली. एक शेवटचं: कॉन्फरन्सबाहेरचे चार सामने धरायचे का? जॉर्जियाने क्लेम्सनला ३४-३ हरवलं, टेक्ससने मिशिगनला त्यांच्या घरी ३१-१२.

लोकमान्यनगर_आकडेमोड:
राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी संघ निवडणाऱ्या समितीच्या नजरेतून बघायचं असेल तर धरा. कॉन्फरन्सच्या आतली तुलना करायची असेल तर नको, गुणतक्त्यात ते मोजलेच जात नाहीत. आणि शीटमध्ये ८ हा आकडा सूत्रांत थेट लिहू नका, एका वेगळ्या चौकटीत ठेवा. २०२६ पासून एसईसी ९ सामन्यांवर जाते आहे, तेव्हा निम्म्या संघांना घरी पाच आणि बाहेर चार येतील. बिग टेन ही दुसरी कॉन्फरन्स घ्यायची झाली तर तिथे १८ संघ आणि ९ सामने आहेत, म्हणून तपासणीची बेरीज ६४८.