एटीएफला टाळं लावा म्हणणाऱ्यांसाठी

वाळवंटी मुसाफिर:
काल इथे एका सदस्याने एटीएफबद्दल, म्हणजे अमेरिकेत बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय खात्याबद्दल, ठोकून दिलं, "एटीएफ म्हणजे साध्या बंदूकधारकाला सापळ्यात अडकवणारं खातं, टाळं लावा." खाली +१ ची रांग. अ‍ॅरिझोनात अठरा वर्षं काढलीत, म्हणून गप्प बसवेना.

सगळ्यांचा हुकमी एक्का म्हणजे एटीएफची 'फास्ट अँड फ्युरिअस' मोहीम. तर २००९ च्या शेवटी फिनिक्सच्या कचेरीने ठरवलं, बेनामी खरेदीदारांना, म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणाऱ्यांना, लगेच उचलायचं नाही. बंदुका कुठे जातात ते बघू, कार्टेलचा, म्हणजे मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळीचा, मोठा मासा गळाला लावू. सुमारे २००० बंदुका गेल्या. मासा राहिला बाजूला. मेक्सिको सरकारलाही कळवलं नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये सीमा गस्ती दलाचा ब्रायन टेरी मारला गेला, आणि तिथे सापडलेल्या दोन रायफली याच व्यवहारांतल्या निघाल्या. चूक भयंकरच. पण याला सापळा म्हणू नका. सापळ्यात माल डोळ्यांआड जाऊ देत नाहीत, इथे जाऊच दिला.

लगेच का पकडलं नाही, हे कोणी विचारतं का? बेनामी खरेदी हा तेव्हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हाच नव्हता! बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर 'खरा खरेदीदार मीच' असं खोटं लिहिलं, एवढ्यावर खटला उभा करायचा. सरकारी वकील म्हणणार, पुरावा कमी पडतो. बेनामी खरेदीचं आणि तस्करीचं वेगळं कलम यायला जून २०२२ उजाडला. शिवाय बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला १९८६ पासून बंदी. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफच्या केंद्रात बंद पडलेल्या बंदुकांच्या दुकानांचे कागद खोक्यांनी येऊन पडतात, पण मालकाच्या नावाने शोध घ्यायची सोय करायची नाही. हातपाय बांधून विहिरीत टाकायचं आणि वर म्हणायचं, याला पोहता येत नाही.

टेक्सासतात्या:
वकिली छान जमलीय, फी किती? मिलवॉकी विसरलात वाटतं. २०१२ मध्ये एटीएफने गुन्हेगारांना पकडायला तिथे खोटं दुकान थाटलं. चोरांनी तेच धुऊन नेलं. एजंटच्या गाडीतून मशीनगन गेली ती वेगळीच. पोर्टलंडला असल्याच दुकानाच्या जाहिरातीसाठी एका गतिमंद पोराच्या मानेवर गांजा ओढणारा ऑक्टोपस का स्क्विड काहीतरी गोंदवून घेतला. हे कुठल्या कलमात बसतं? कायदा दुबळा होता म्हणून गोंदवलं का?

वाळवंटी मुसाफिर:
स्क्विड. ते प्रकरण लाजिरवाणं होतं, मान्य.

टेक्सासतात्या:
देव पावला. आता लिटल रॉक. मार्च २०२४, पहाटे दार फोडून विमानतळाच्या प्रमुखाला घरात गोळी घातली. एकाही एजंटच्या अंगावर कॅमेरा नाही.

वाळवंटी मुसाफिर:
आधी त्याने गोळी झाडली, हे सोयीस्कर विसरलात. दीडशेच्या वर बंदुका घेतल्या होत्या त्याने, परवान्याशिवाय विकत असल्याचा संशय होता. कॅमेरा हवा होता, याबद्दल वाद नाही.

टेक्सासतात्या:
झोपेत दार फोडलं तर मीही झाडीन.

जर्सीकाकू:
तात्या, तुमचं 'झाडीन' ऐकून माझा दीर आठवला. पेट्रोल पंपावरच्या त्याच्या दुकानात रात्री अकराला एक पोरगा आला, पिस्तूल लावलं, गल्ल्यातले नव्वद डॉलर घेऊन गेला. माग काढला तर पिस्तूल जॉर्जियातलं. घेणारी बाई वेगळी, वापरणारा वेगळा. दीर दुकान विकून मोकळा झाला, अजून दाराची घंटा वाजली की दचकतो. स्क्विडचं दुःख नंतर करू.

कोकण्या:
तुमचं तिकडे कितीही बंदुका घ्या चाललंय. आमच्या वडिलांची एकच ठासणीची, पीक संरक्षणाचा परवाना. २०२४ च्या विधानसभेला १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि फर्मान आलं, ठाण्यात जमा करा. ऐन भातकापणीत! डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार?

सह्याद्रीकर:
अगदी! डुकरांपुढे नुसता बार काढायचा म्हटलं तरी बंदूक ठाण्यात. आणि नूतनीकरणाचे हेलपाटे? आमचे काका तीनदा जिल्ह्याच्या गावी गेले. दर वेळी नवा कागद.

कोथरूडकर:
सरसकट जमा करायची नसते, छाननी समिती माणूस बघून ठरवते.

कोकण्या:
समिती कोथरूडात बसत असेल. आमच्याकडे हवालदार फोन करतो.

सह्याद्रीकर:
वर २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. आजोबांची तिसरी द्यावी लागली. जुनी नळी, आता तशी मिळणार नाही.

वाळवंटी मुसाफिर:
मंडळी, धागा एटीएफचा आहे, रानडुकरांचा नाही.

कोकण्या:
तुमच्या एटीएफने २००० बंदुका सोडल्या, आमच्या ठाण्याने एक धरून ठेवली. विषय तोच की.

जर्सीकाकू:
😂 कोकण्या, डुकरांनी किती खाल्लं शेवटी?

टेक्सासतात्या:
मुसाफिर, २०२२ चं कलम चांगलं आहे, एवढं लिहून देतो. फ्रेम करून लावा. 'फास्ट अँड फ्युरिअस'चे कागद न दिल्याबद्दल अमेरिकी संसदेत झालेल्या अवमानाच्या ठरावावर मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. जून २०१२, तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल होल्डर यांच्याविरुद्ध २५५ मतं. कागद का दाबले होते?

वाळवंटी मुसाफिर:
'वाइड रिसीव्हर'चं नाव ऐकलंय? बुशच्या काळात, टूसॉनला, हाच उद्योग. त्यावर कधी लिहिताय ते सांगा, मग होल्डरवर बोलू.

कोकण्या:
काकू, भाताचे खालचे दोन कुणगे पूर्ण. मतमोजणी झाल्यावर बंदूक परत आणली तेव्हा शेतात नुसती धसकटं उरली होती.