मदत हवी आहे: रायटरमध्ये चुकीच्या शब्दांखालच्या लाल रेघांवरून मागे-पुढे कसं जायचं?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका जुन्या मंडळाच्या स्मरणिकेचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलंय. लिनक्सवर लिबरऑफिस रायटर वापरतो, मराठीचा हनस्पेल कोश (शुद्धलेखन तपासायची शब्दयादी) टाकलेला आहे.

एफ-७ दाबलं की तपासणीची खिडकी उघडते आणि चुका एकेक करून पुढे सरकतात. पुढेच! मगाशी सोडून दिलेला शब्द पुन्हा बघावासा वाटला तर मागे जायची सोय मला तरी सापडली नाही. ‘अनडू’ आहे, पण ते केलेला बदल उलटवतं. मला नुसतं बघायचं असतं. शिवाय खिडकी नेमकी मजकुरावरच येऊन बसते.

वर्डमध्ये ऑल्ट-एफ-७ने थेट पुढच्या चुकीवर जाता येतं. विम या टर्मिनलात चालणाऱ्या मजकूर-संपादकात तर उजवा चौकटी कंस आणि एस म्हणजे पुढची चूक, डावा कंस आणि एस म्हणजे मागची; शेवट आला की पुन्हा वरून सुरू. अगदी हेच हवंय. पण माझ्या टर्मिनलात जोडाक्षरांची पार वाट लागते, त्यामुळे विम बाद.

मॅक्रो (रायटरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून कर्सर शब्दाशब्दाने पुढे न्यायचा आणि प्रत्येक शब्द शब्द बरोबर आहे का ते सांगणाऱ्या स्पेलचेकर सर्व्हिसच्या ‘इज-व्हॅलिड’ला विचारायचा, इतपत डोक्यात आहे. मागे जाताना हेच उलटं. कुणी केलंय का? मोठ्या फायलीत फार रेंगाळतं का?

दुसरं दुखणं गावांच्या नावांचं. सिन्नर कोशात घातलं तरी सिन्नरला, सिन्नरच्या, सिन्नरकरांनी या सगळ्यांखाली रेघ येतेच. ‘सगळीकडे दुर्लक्ष करा’ म्हटलं तरी ते त्या एकाच रूपापुरतं. रायटर ६.० पासून स्वतःच्या कोशात ‘ग्रॅमर बाय’ असा रकाना आहे: नव्या शब्दासमोर ओळखीचा नमुना शब्द द्यायचा, म्हणजे त्याचे प्रत्यय नव्यालाही लागतात. (तो कोश ‘सर्व भाषा’ असा न ठेवता मराठीपुरता करावा लागतो, नाहीतर रकाना दिसतच नाही.) सिन्नर, निफाड यांना एक नमुना चालेल. पण येवला-येवल्याला, सटाणा-सटाण्याला यांचं सामान्यरूप होतं, त्यांना वेगळा लागणार. मराठी कोशातले कोणते शब्द नमुना म्हणून नीट चालतात, हे कुणी वापरून पाहिलं असेल तर कृपया सांगा.

‘वर्ड घे’ हा सल्ला नको, मंडळाची सगळी फाईल ओडीटीत, म्हणजे रायटरच्या फाईल-प्रकारात आहे.