आठ मोठी माणसं आणि दिवसभर पाण्यात: कुठली बोरायडर घ्यावी?

शिरोलीकर_पप्पू
नमस्कार मंडळी. समुद्र घाटाखाली आणि आम्ही घाटावर, त्यामुळं कोल्हापूरकरानं बोटीचं विचारलं की लोक हसतात, तरी विचारतोच. आमचं आठ जणांचं टोळकं आहे, पाच मित्र आणि तिघांच्या बायका, वयं पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, पोरं शिकायला पुण्या-बंगळूरला गेली आणि रविवार मोकळा झाला. मालवण-देवबागला जायचं, भाड्याच्या बोटीत अर्धा तास फिरायचं आणि जॅकेट काढून परत द्यायचं, याचा आता कंटाळा आलाय. वर्गणी काढून स्वतःची बोट घ्यायचं डोक्यात आहे.

वॉटर स्की, ट्यूब ओढणं असलं काय नको. सकाळी निघायचं, खाडीत कुठंतरी नांगर टाकायचा, डबे उघडायचे, पोहायचं, पडायचं, संध्याकाळी परत. बोरायडर आवडली कारण पुढं नाकाडात पण बसायला जागा असते, सगळे एकाच कोंडाळ्यात बसत नाहीत. एक १९ फुटी बघितलीय, ब्रोशरवर ९ माणसं लिहिलंय, म्हणजे आम्ही आठ आरामात बसू असं विकणारा म्हणतोय. पण आमच्यातले दोघं जुने तालमीतले, आता तालीम सुटली पण खुराक नाही सुटला, एकेक गडी शंभरीच्या वर. १९ पुरंल की २१-२२ बघू? इंजिन कसलं? आणि फॉर्च्युनरला लावून घाटातनं न्यायचं म्हणतोय, ते कितपत जमतंय?

रंकाळा_कट्टा
भावा आधी रंकाळ्यात पायडल मारून बघ आठजण झेपतंय का 😂 घेतलीस की सांग, भेळ आमच्याकडनं.

मिशिगनचा_राजारामपुरीकर
पप्पूदादा, मी मूळचा राजारामपुरीचा, आता मिशिगनला असतो, इकडं प्रत्येक तळ्यावर ह्याच बोटी असतात आणि माझ्याकडं पण एक आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रोशरवरच्या ९ वर जाऊ नका. अमेरिकेत २० फुटाखालच्या असल्या मोटरबोटींना कपॅसिटी प्लेट लावायचा कायदाच आहे, स्टिअरिंगजवळ किंवा कॉकपिटच्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर माणसांचा आकडा असतो आणि त्याच्या शेजारी वजन पण असतं. वजन वाचा. समजा १३०० पौंड लिहिलंय, म्हणजे झाले ५९० किलो. तुमचे आठजण सरासरी ८५ किलोचे धरले तरी ६८० होतात, त्यात कूलर, नांगर, पाणी आणि तुमच्या पैलवानांचा डबा वेगळाच. म्हणजे आकड्यानं नऊ बसतात आणि वजनानं सात पण बसत नाहीत.

दुसरं म्हणजे लांबीपेक्षा रुंदी बघा. १९ फुटी बोटी साधारण ८ फूट रुंद असतात आणि २१-२२ वाल्या बहुतेक सगळ्या ८ फूट ६ इंचावर येऊन थांबतात, कारण इकडं रस्त्यावरनं परवान्याशिवाय ओढायची मर्यादा तेवढीच आहे. सहा इंचानं काय होतंय असं वाटतं पण मोठी माणसं समोरासमोर बसली की गुडघ्याला गुडघा लागतो का नाही ते त्या सहा इंचातच ठरतं. आणि नाकाडातली जागा, तिथं तर खरी गंमत. लहान बोटीत ती निमुळती असते, पोरांना मस्त, मोठ्या माणसानं पाठ टेकून पाय लांब केले की दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. कंपन्यांनी त्यासाठी पुढचा भाग रुंद करायला घेतलाय, सी रे, चॅपरल, बेलायनर सगळ्यांनी. बेलायनरच्या एलिमेंटचा तर तळच एम आकाराचा असतो, त्यामुळं पुढं जागा चांगली मिळते आणि थांबल्यावर बोट हलते पण कमी.

ह्यावरनं तळाचं आठवलं. खोल व्ही आकाराचा तळ असला, म्हणजे मागच्या बाजूला २०-२१ अंशाचा उतार, तर लाटेवर बोट आपटत नाही, पाठ वाचते, पण नांगर टाकून उभी असताना चारजण एका बाजूला गेले की तिकडं कलते. तुमचं निम्मं काम उभ्या बोटीतलं आहे. तरी खाडीच्या तोंडाला जाणार असाल तर व्ही पाहिजेच. फक्त धरणाच्या पाण्यात फिरणार असतात तर मी डेक बोट घ्या म्हणालो असतो, तिचं तोंड चौकोनी, जागा ऐसपैस.

इंजिनाला कंजूषपणा करू नका. आठ वजनदार माणसं घेऊन बोट पाण्यावर उचलून पळायला ताकद लागते, कमी इंजिन असलं की नाक वर करून नांगरट केल्यासारखी चालते, पुढचं दिसत नाही आणि पेट्रोल मात्र पिते. २१-२२ फुटाला २०० ते २५० हॉर्सपॉवर धरा. दमानं चालवली तरी तासाला ३०-४० लिटर जाणार, वर्गणीच्या हिशोबात हे आधी घाला.

घ्यायच्या आधी आठच्या आठ जणांना बोटीत बसवा. ट्रेलरवर उभी असली तरी चालतंय, पण तासभर बसवा. पाठ कुठं टेकते, मांडीखाली गादी पुरते का, मागनं पुढं जाताना काचेच्या मधल्या वाटेतनं पैलवान सरळ जातोय की आडवा होऊन. फोटोत हे काहीच कळत नाही.

खाडीवालो
गाववाल्यानु, वायट वाटून घेव नकात पण घाटावरची माणसा बोट घेतत आणि मग आमका फोन करतत 😀 म्हणून आधीच सांगतो.

वरच्या साहेबांनी सांगितलं ते बरोबर, पण ते गोड्या पाण्यातले. इकडं खारं पाणी. त्या बोरायडरमध्ये बरेचदा स्टर्नड्राइव्ह असतं, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागं बाहेर. मागं पोहायचा फलाट मस्त मोठा मिळतो म्हणून लोक भुलतात. पण तो पाय वर केला तरी थोडा पाण्यातच राहतो, त्याला कालवं-शिंपले धरतात, त्या पायाचे रबरी बेलोज, म्हणजे घडीची नळी, फाटले तर पाणी थेट आत. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर अडकवलेलं इंजिन, पूर्ण वर उचलता येतं, गोड्या पाण्याने धुता येतं आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे यामाहा-सुझुकीचं आउटबोर्ड खोलणारा माणूस गावागावात आहे. स्टर्नड्राइव्हसाठी मेकॅनिक गोव्यासून आणायचा, तो आज येतो म्हणेल आणि पुढच्या आठवड्यात उगवेल. रोज गोड्या पाण्याने फ्लश आणि अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे, झिजले की बदलायचे, हे कुठल्याही इंजिनाला चुकत नाही. बोट गोड्या पाण्यातली जुनी असेल तर मॅग्नेशियमचे अॅनोड असतील, ते खाऱ्यात भराभर जातात, आधी बदला.

जेट बोट कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. पंखा नाही म्हणून सेफ असते हे खरं, पण देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाला वाळूचे दांडे आहेत, ओहोटीला पाणी गुडघाभर, जेट ती वाळू ओढून घेते. पंखा असला तरी तिथे भरती बघूनच जायचं. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठेही नांगर टाकून पार्टी करायची नाही. मे संपता संपता बोटी वर काढतात ते ऑगस्ट सरेपर्यंत, तेव्हा ठेवायची कुठे ते आत्ताच ठरवा. माझं मत विचाराल तर दर रविवारी घाटातून ओढत आणू नका, इकडेच कुणाच्या वाडीत शेड भाड्याने घ्या. नारळ मात्र डोक्यावर पडणार नाही अशी जागा बघा, काच महाग असते तिची.

गंगावेशकरीण
सगळ्यांनी इंजिन सांगितलं, तळ सांगितला, पण आठजणांत तीन बायका आहेत आणि वय पन्नास आहे हे पप्पूभाऊंनी लिहिलेलं कुणी वाचलं का नाही? आम्ही गोव्याला भावाच्या ओळखीतल्या बोटीवर गेलो होतो, बोट देखणी, पांढरीशुभ्र गादी, आणि सावली शून्य. अकरा वाजता ती गादी तापून बसायची सोय राहिली नाही. छत, ते बिमिनी टॉप का काय म्हणतात, ते मागच्या सगळ्या सीटांवर येतंय का बघा, आणि नाकाडावर वेगळं लावता येतंय का विचारा, नाहीतर जी पुढची जागा जागा म्हणून नाचताय ती डिसेंबर सोडला तर दुपारी रिकामीच राहणार.

मग शिडी. पाण्यात उतरायला सगळ्यांना येतं, वर चढताना कळतं. आमच्या त्या बोटीची शिडी दोनच पायऱ्यांची होती, पाण्यात जेमतेम एक, नणंदबाईंचा गुडघा दुखरा, तिघांनी ओढून घेतलं वर. पायऱ्या पाण्यात खोल जाणाऱ्या पाहिजेत, तीन-चार तरी, रुंद पाहिजेत आणि धरायला दांडा पाहिजे. मागनं कॉकपिटमध्ये यायला सीटवर पाय देऊन उडी मारावी लागत नसेल, सरळ चालत येता येत असेल अशीच बोट घ्या.

आणि सकाळी निघून संध्याकाळी परत म्हणताय तर टॉयलेटचं काय? पुरुषांचं काय, कुठंही भागतं. बाईमाणूस मग सकाळपासनं पाणीच पीत नाही आणि दुपारी डोकं धरून बसते. २२-२३ फुटापासनं पुढच्या काही बोटींत डॅशच्या पोटात छोटी खोली असते, पोर्टेबल टॉयलेट बसतं. आत वाकून बसावं लागतं पण असते. १९ फुटी बोटीत ती मिळेल असं मला वाटत नाही. एवढ्यासाठी तरी मोठी घ्या, आणि बघायला जाताना बायकांना घेऊन जा.

उद्यमनगर_टर्नर
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी मशीनवाला माणूस, मला तेलाचं बोलू द्या. बोटीच्या पेट्रोल इंजिनांचं मॅन्युअल उघडा, मर्क्युरी असो यामाहा असो, इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या पंपावर आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडीत टाकी आठवड्यात संपते म्हणून कळत नाही, बोट महिना महिना उभी असते, त्यात दमट हवा, पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि इंजिन पहिला घोट तोच घेतं. त्यामुळं विकणाऱ्याकडनं ई२० बद्दल वॉरंटीचं लेखी घ्या, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि पावसाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

इंजिन आत असलेली घेतलीच तर चालू करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवायचा. खाली पेट्रोलची वाफ साचते, ठिणगी मिळाली की संपलं. घाई असली तरी चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, आणि तेवढ्यात नाकानं वास पण घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर चावीला हातच लावायचा नाही. इंजिन चालू असताना मागच्या फलाटावर कुणी बसायचं नाही, पोहायचं तर लांबच, कार्बन मोनॉक्साइड तिथंच घुटमळतो आणि त्याला वास नसतो. किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली पाहिजे. घ्यायच्या वेळी बारीक बघायचं ठिकाण म्हणजे मागची फळी, जिथं इंजिन अडकवतात. जुन्या बोटीत आत लाकूड असतं, नखानं नाही तर प्लॅस्टिकच्या हातोडीनं ठोकत जा, टणटण वाजत असताना मधेच भद्द आवाज आला की तिथं कुजलंय. बोल्टाच्या भोवती तपकिरी पाणी झिरपल्याचे डाग दिसले तरी तेच. असली बोट फुकट दिली तरी घेऊ नका.

घाटाचं. २१ फुटी बोट, ट्रेलर, भरलेली टाकी धरून अडीच टनाच्या घरात जाते. गाडी ओढेल, प्रश्न थांबवायचा आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर करूळ घाट उतरू नका, फोंडा घाट पण नको. खाडीवाल्यांचा सल्ला बरोबर, वर्षात दोनदाच न्या-आणा, ते पण क्रेनवाल्याच्या लो-बेडवर.

कर पण बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासनं हौसेच्या बोटींवर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय, बाहेरनं आणली तर कस्टम वेगळी. नोंदणी, तपासणी आणि विमा हे २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात आहे, मेरीटाइम बोर्डाच्या बंदर ऑफिसात जाऊन आधी विचारा, बोट दारात आल्यावर नको.

शिरोलीकर_पप्पू
बाप रे, लईच माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. काल रात्री टोळक्याची मीटिंग झाली, ताईंचा रिप्लाय आमच्या घरातनं मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला त्यामुळं १९ फुटीचा विषय तिथंच संपला 🙏 आता २२-२३ फुटी, आउटबोर्ड, मागनं चालत येता येईल अशी, पूर्ण छत आणि ती टॉयलेटची खोली. बजेट फाटतंय, म्हणून जुनी बघू, दोन वर्गणीदार वाढवायचे म्हणतोय एकजण.

एक राहिलं. राधानगरी किंवा काळम्मावाडीत उन्हाळ्यात ठेवता येईल का, घरापासनं जवळ पडतंय?

उद्यमनगर_टर्नर
नाही हो, ते अभयारण्यातलं पाणी, गवे येतात तिथं प्यायला. धरण म्हणजे जलसंपदा खात्याची परवानगी आलीच आणि तिथं ती मिळेल ही आशा सोडा. आणि वर्गणीदार वाढवू नका, दहा झाले की परत प्लेटवरचं वजन काढायला लागंल.

खाडीवालो
शेड माझ्या मेव्हण्याची आहे, भरतीला पाणी दारात येतं. मेसेज करा. बोट बघायला गोव्याला जाणार असाल तर मी पण येतो, फक्त ट्रायल भरलेल्या बोटीनेच घ्यायची, विकणारा दोघांना घेऊन पळवून दाखवतो. पैलवानांना नाकाडात बसवा आणि मग वळवून बघा.