प्रबंध झाला, वॉर्ड अजून लांब

एमडी-पीएचडीवाल्यांचा (म्हणजे डॉक्टरकीच्या शिक्षणात मध्येच काही वर्षं लॅबमध्ये संशोधन करून पीएचडी घेणाऱ्यांचा) नेहमीचा पेच: प्रबंध सादर झाला, क्लिनिकल रोटेशनला (वॉर्डांत पाळीपाळीने पेशंट बघत शिकायला) चार महिने अवकाश, आता करायचं काय? यावर बहुतेक जण पुस्तकं उघडायला सांगतात. माझं मत वेगळं. आधी छापायचा अडकलेला शोधनिबंध हातावेगळा करा. एकदा वॉर्ड सुरू झाला की रिव्ह्यूअरने (निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाने) मागितलेला एक जास्तीचा प्रयोगही जमत नाही. पहाटे राउंड, रात्री नोट्स. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचं मीडिया (पोषक द्रावण) कोण बदलणार? फ्रीझरमधल्या डब्यांची यादी आणि कच्चा डेटा लॅबमधल्या पुढच्या माणसाच्या हवाली करून टाका.

आठवड्यातून अर्धा दिवस ओपीडीत एखाद्या डॉक्टरांबरोबर बसता आलं तर उत्तम. औषधांची नावं विसरलेली असतात, ती वाचून परत येतात. खरी गंजते ती पेशंटची हिस्टरी (आजाराची माहिती) घेऊन दोन-तीन मिनिटांत केस मांडायची सवय (सेमिनारमध्ये जिभेला तासभर बोलायची सवय लागलेली असते ना!). हृदयाचे आवाज, पोट तपासणं हेही व्हिडिओ बघून येत नाही, पेशंटवर हात ठेवावा लागतो.

आणि हो, मधल्या महिन्यांत स्टायपेंड आणि आरोग्यविमा चालू राहतो का, हे प्रोग्रामच्या ऑफिसला आधी विचारा. फिरायला जायची तिकिटं त्यानंतर काढा.