मदत हवी आहे: बाबांची पेटी (हार्मोनियम) ऑनलाइन विकताना काय काळजी घ्यावी?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. बाबांची भजनाची पेटी विकायची आहे. डबल रीड (प्रत्येक स्वराला दोन सूर, म्हणजे आत आवाज देणाऱ्या पितळी पट्ट्या), सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे, भाता अजून घट्ट. जाहिरात टाकली आणि तासाभरात फोन आला: "मी लष्करात आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही, म्हणून फोन ठेवला. सूर कसे आहेत हेसुद्धा त्यानं विचारलं नव्हतं!

आता पुण्याचे एक गृहस्थ खरंच वाजवणारे वाटतात, पण पार्सलनं मागतायत. पूर्ण पैसे आधी मागणं रास्त आहे का? प्रवासात सुरांना धक्का बसू नये म्हणून पॅकिंग कसं करावं? की थांबून सोलापुरातच, समोर बसून वाजवून बघणाऱ्यालाच द्यावी?