गाडी घेऊन ग्रीस: पडकी देवळं, घाटरस्ते, किनाऱ्यावरची गावं. तुमचेही अनुभव लिहा

वेदा_ठाणे
परवा कालामाटाच्या ऑलिव्ह तेलाचा पत्र्याचा डबा एकदाचा संपला. रस्त्याकडेच्या घाण्यावरून घेतलेला, बॅगेत टॉवेलांत गुंडाळून आणलेला. डबा पालथा घालून शेवटचे थेंब निथळवताना अख्खी सहल डोळ्यांपुढून गेली, म्हणून हा धागा.

ग्रीस म्हटलं की जो तो सँटोरिनीचे निळे-पांढरे घुमट दाखवतो. आम्ही बेटांना फाटा दिला. अथेन्सच्या विमानतळावर गाडी घेतली आणि कॉरिंथचा कालवा ओलांडून पेलोपोनीजमध्ये, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात उतरलो. मायसीनी, एपिडॉरस, मुक्काम नाफ्प्लियोला. मग मोनेमवासिया, मानी, कालामाटा, ऑलिंपिया, आणि शेवटी रिओचा पूल ओलांडून डेल्फी.

गाडी आपली असण्याचा खरा फायदा मायसीनीला कळला. आठला फाटक उघडलं तेव्हा आम्ही आणि दोन मांजरं, बस्स. अथेन्सहून बस येईपर्यंत दीड-दोन तास तो डोंगर आमचा. इ.स.पू. तेराव्या शतकातला सिंहदरवाजा, दोन्ही सिंहांना डोकी नाहीत, तरी दरारा कायम. खाली रस्त्यालगत ती घुमटाकार थडग्याची वास्तू आहे ना, तिच्या दारावरची आतली शिळा १२० टनांच्या आसपास आहे. आत एक माशी घोंगावत होती. एकच माशी, पण आवाज चहूकडून. नवरा कुजबुजला, "चल बाहेर," तर तेही चहूकडून.

कोण कोण गेलंय? अवशेष, रस्ते, खाणं, भांडणं, काहीही चालेल.

निखिल_म्युनिक
पहिला नंबर! आम्ही इथून गाडीनेच इटलीत आंकोना, तिथून बोटीत गाडी घालून पात्रास. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

सुलभा जोशी
वेदा, छान लिहिलंस. डबा टाकू नको हं, तळाला भोकं पाडून झाड लाव. तिकडे दारोदारी तेच असतं, तेलाच्या नाहीतर चीजच्या डब्यात बारीक पानांची गोल गरगरीत तुळस. मी कौतुकाने पान तोडायला गेले तर आजीबाईने हाताने खुणावलं की तोडायचं नाही, पानांवरून हात फिरवून वास घ्यायचा. १४ सप्टेंबरला त्यांचा क्रुसाचा सण असतो, तेव्हा चर्चमध्ये तिच्या काड्या वाटतात.

गणेशा
सुलभाताई, ती आपली तुळस नव्हे, सब्जाचंच झाड ते. चालू द्या.

प्राची सातारा
पटकन लिहिते, कुकर लावलाय. कुणाच्या लक्षात आली का ती वळणावळणावरची चिमुकली चर्च? लोखंडी खांबावर काचेची पेटी, आत पणती, तेलाची बाटली, कधी कुणाचा फोटो. मला आधी टपालपेट्याच वाटल्या. हॉटेलवाल्या बाईने सांगितलं, तिथे अपघातात गेलेल्यांसाठी घरचे बांधतात, आणि वाचलेलेही बांधतात, आभार म्हणून. त्यानंतर सासूबाईंनी एकेका पेटीला हात जोडले आणि ह्यांनी एकेका पेटीपाशी वेग कमी केला. स्पार्टाहून कालामाटाला जाणारा लांगाडाचा घाट म्हणजे नुसत्या पेट्याच पेट्या!! साठेक किलोमीटर, कडा डोक्यावर आलेला. दुपारचं जेवण चार वाजता.

शंतनू के
लांगाडा +१. वरंध घाटात गाडी हाकलेल्याला काही वाटणार नाही. वाटतं ते हायवेला. मागून येणारा बुडाला चिकटून दिवे मारतो. आपण उजवीकडे सरकून अर्धी गाडी पांढऱ्या रेघेपलीकडे घालायची, तो सुळकन पुढे. सगळे असंच करतात, दुसऱ्या दिवशी मीही करायला लागलो. बायको म्हणाली, पुण्यात शोभशील.

आरती_लंडन
फोटो कुठायत? जळवा की आम्हाला.

वेदा_ठाणे
आरती, लॅपटॉपवर आहेत, शनिवारी टाकते. सुलभाताई, कढीपत्ता लावू का?

सुलभा जोशी
लाव. पण डबा आधी साबणाने दोनदा धू, नाहीतर मुंग्या.

मालवणी_मेवा
खाण्यावर कोणीच नाय? शाकाहारी दोस्तांसाठी सांगतो, टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, 'निस्तिसिमो' काय आहे विचारा, म्हणजे त्यांचे उपासाचे पदार्थ. मांस, अंडी, दूध काही नसतं. मोठ्या पांढऱ्या पावट्याची टोमॅटोतली भाजी, भात भरलेल्या मिरच्या, उकडलेला रानपाला वर लिंबू पिळून. मजा ऐका, त्याच यादीत कोळंबी आणि ऑक्टोपस! त्यांत रक्त नसतं असं धरतात, म्हणून उपासाला चालतात. असो उपास आमकां रोज चलात. यिथियोच्या धक्क्यावर ऑक्टोपस दोरीवर वाळत घातलेले बघून मन भरून आलं. बायको जोशांची, ती गाडीतून उतरलीच नाही.

आरती_लंडन
हाहाहा, बिचारी. पण मग शुद्ध शाकाहाऱ्याने निस्तिसिमो विचारून डोळे मिटून मागवायचं नाही तर!

कोल्हापूरकर
बाबांना घेऊन गेलो होतो. ते तालमीत वाढलेले, त्यांना ऑलिंपिया एवढंच बघायचं होतं. देवळांपाशी थांबले नाहीत. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात आडवे झालेत, एकेक चकती माणसाएवढी, तिकडे नुसती नजर टाकली. मी म्हटलं, हेराच्या देवळापुढे आरशाने ऊन एकवटून ज्योत पेटवतात ती हीच जागा. म्हणाले, ते १९३६ पासूनचं, नवीन आहे. वाचून आले होते सगळं.

मग पॅलेस्ट्रा आला. मधे चौकोनी मोकळं अंगण, भोवती खांबांच्या रांगा. इथे मल्ल सराव करायचे. बाबांनी बाहेरच चपला काढल्या. आत जाऊन वाकले, जमिनीला हात लावला, तो कपाळाला. रखवालदार बाई लांबून बघत होती, शिट्टी तोंडाजवळ. तिला वाटलं काहीतरी उचलतायत. जवळ आली तेव्हा बाबांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले आणि मांडीवर शड्डू ठोकला. ती हसली आणि निघून गेली.

नंतर झाडाखाली बसून खाशाबा जाधवांचं सांगत राहिले. १९५२, हेलसिंकी, कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आम्हाला पाठ आहे, तरी ऐकलं. १९२ मीटरचं स्टेडियम मी एकटाच धावलो. परतीच्या टोकाला चालत आलो.

मुग्धा
कोल्हापूरकर 🙏 बाबांना नमस्कार सांगा. शड्डूवर तर फिदा.

गणेशा
आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळे, तोही तुमच्याच जिल्ह्यातला.

कोल्हापूरकर
राधानगरीचा. पण बाबा म्हणतात बंदूक वेगळी, माती वेगळी. त्यांच्यापुढे कोण बोलणार.

दर्यावर्दी
मी जहाजावर होतो, आता निवृत्त. नोकरीत अथेन्सचं पिरियस बंदर चांगलं ओळखीचं, पण ग्रीस बघितला निवृत्तीनंतर, सौ.च्या हट्टाने. १८९३ साली उघडलेला तो कॉरिंथचा कालवा सगळे पुलावरून बघतात. तळाशी जेमतेम २१ मीटर, आमची जहाजं त्यात मावतच नाहीत, आम्ही खालून केप मालेआला वळसा घालून. टीप: कालव्याच्या टोकांना पाण्यात बुडणारे पूल आहेत. बोट आली की अख्खा पूल खाली जातो, बोट गेली की वर. सौ.ला देवळांपेक्षा तेच आवडलं.

पण लिहायला बसलो ते पिलोससाठी. नैऋत्य कोपऱ्यातलं लहानसं बंदर, समोर नावारिनोचं आखात. २० ऑक्टोबर १८२७ ला इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमार इथे बुडवलं, ग्रीस सुटला तो त्यातून. चौकात तिघा नौसेनापतींचा स्तंभ आहे. इंग्रज कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता ते 'एशिया', ८४ तोफांचं, आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८२४ चं. सागवानी! मी त्या गोदीच्या भिंतीवरून किती वर्षं गेलोय. चौकातल्या झाडाखाली कॉफी पीत सौ.ला हे सांगितलं. ती म्हणाली, "इथेही नोकरीच का?"

निखिल_म्युनिक
कप्तानकाका, हे माहीतच नव्हतं. वेगळा धागा काढा ना.

दर्यावर्दी
कप्तान नाही, इंजिनियर. फरक असतो.

अपर्णा_नाशिक
अवांतर: आपल्याकडेही यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, अवशेष आहेतच की. कार्ल्याच्या लेण्यातले कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले, तसे शिलालेखच आहेत. आमच्या पांडवलेण्यांतही आहे एका यवनाचं लेणं. गाडीने जाता येतं, परवाना लागत नाही 😄

मुग्धा
परवान्यावरून आठवलं, आपलं लायसन तिथे चालतं का?

शंतनू के
नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, वर्षभरासाठी मिळतो, शिवाय मूळ लायसन जवळ हवं. ऑटोमॅटिक गाडी लवकर बुक कर, उरतात त्या गिअरच्या. विम्यातून टायर, काच आणि गाडीचं पोट वगळलेलं असतं ते वाच. आमच्याकडून एका भाड्याच्या गाडीवाल्याने बंपरवरच्या आधीच्याच ओरखड्याचे पैसे उकळले. घेतानाच व्हिडिओ काढ, चाकांसकट.

रेवा१३
आई गेली होती, मी पण. एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात आई सर्वात वरच्या, ५५ व्या रांगेत जाऊन बसली. बाबा खाली मधल्या गोल दगडावर. लोक तिथे नाणं टाकतात, गातात, एक मुलगी रडायला लागली होती इतकं सुंदर गायली. बाबांनी साध्या आवाजात विचारलं, "गॅस बंद केलावतास ना?" आईला वर स्वच्छ ऐकू आलं. मग दोन दिवस तेच टेन्शन.

बाकी मला सगळे खांब सारखेच वाटले. सॉरी.

प्राची सातारा
माझा मुलगा पण हेच. "दगडच बघायचे तर रायगड काय वाईट होता." डेल्फीच्या संग्रहालयातला काशाचा सारथी बघून मात्र गप्प झाला. इ.स.पू. पाचव्या शतकातला, पण डोळे एवढे जिवंत, पापण्यांचे केससुद्धा आहेत. खाली इतेआपर्यंत नुसती ऑलिव्हची झाडं आणि पलीकडे पाणी. आम्ही गालाक्सिदीला राहिलो, डेल्फीपेक्षा शांत आणि गाडी लावायला जागा.

आरती_लंडन
बासेचं अपोलोचं देऊळ कोणी केलंय? पार ११०० मीटरवर, रस्त्यावर बकऱ्या, आणि पोचल्यावर समोर भलामोठा पांढरा तंबू. देऊळ तंबूच्या आत! १९८७ पासून झाकलंय, वारापावसाने दगड झिजतो म्हणून. मी वैतागून आत शिरले आणि शब्दच संपले. अंधूक उजेडात खांब एकदम जवळ, करडे, अंगावर आल्यासारखे. त्याचं कोरीव शिल्प मात्र ब्रिटिश म्युझियममध्ये, माझ्या ऑफिसपासून चालत. तिथे फुकट बघते आणि दर वेळी राग येतो.

गणेशा
कोहिनूरवर जाऊ नका आता, धागा भरकटेल.

मालवणी_मेवा
धागा उपासाच्या कोळंबीलाच भरकटला रे.

अनघा_के
आम्ही फेब्रुवारीत गेलो. गर्दी शून्य. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या रविवारी सरकारी स्थळं फुकट असतात. पण दुपारी साडेतीनला सगळं बंद, आणि मानीतली गावं तर कुलूप लावलेली. वाथियाचे मनोरे बघितले, वैरापायी एकमेकांवर नेम धरायला बांधलेली घरं ती. माणूस एक दिसला, तोही कुत्र्याला फिरवणारा. पुढे तैनारोच्या टोकाला पायवाटेत रोमन काळातलं मोझेक उघड्यावर पडलंय, ना कुंपण ना तिकीट. दीपगृहापर्यंत चालत गेलो, वाऱ्याने मुलाची टोपी समुद्रात. भूक लागली तर टॅव्हर्ना बंद. डब्यातल्या दशम्या आणि चटणीने वाचवलं.

आणि हो, तिथे कागद संडासात टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात. नळ्या अरुंद. छोटी बाटली जवळ ठेवा, बाकी समजून घ्या.

मुग्धा
समजलं 🙈 अनघा, दशम्या किती दिवस टिकल्या? आणि गाडी लागणाऱ्या माणसाने मानीत जावं का? आमच्याकडे एक आहे.

अनघा_के
दुधातल्या होत्या, तीन दिवस आरामात. गाडी लागते तर पुढे बसव आणि आलेपाक दे. एक म्हणजे नवरा का?

मुग्धा
नवरा. चालवणारा तोच. स्वतः चालवतानाही लागते.

दर्यावर्दी
अशक्य नाही. आमचा एक कप्तान होता.