मदत हवी आहे: पावसात दोन्ही मुलांना एकत्र कसं खेळवायचं?

मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. पाऊस सुरू झाला की दोघंही दाराशी जाऊन उभी! तिला डबक्यात उड्या मारायच्या असतात, कागदी होड्या सोडायच्या असतात. तो मात्र हाताला लागेल ते तोंडात घालतो. एवढ्या लहान मुलाला दोन इंच पाणीसुद्धा धोक्याचं ठरू शकतं, त्यामुळे नजर हटवता येत नाही. शिवाय ओल्या कपड्यांत तो पटकन गारठतो, त्याला आत आणावं लागतं आणि तिचा खेळ अर्धाच राहतो. तिचा पडलेला चेहरा खरंच बघवत नाही.

घरात मोठं माणूस एकच असेल तेव्हा तुम्ही काय करता? टबात पाणी भरून देऊन झालं, पण तिला पाऊसच हवाय. धाकट्याला कशात गुंतवता येईल?